बारा पिंजऱ्यांची जाळी

१९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण ते नेहमीचंच.

काल ताईची शोकसभा झाली. चारची वेळ दिली होती, साडेचारला सुरू झाली. संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या लहान सभागृहात होती. साठ-पासष्ट माणसं असतील. आधी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग पाच जण बोलले, मग मी तुझा मजकूर वाचला, मग चहा झाला. सहाला सभागृह रिकामं करून द्यायचं होतं म्हणून शिपाई एकेक पंखा बंद करत गेला. मी घरी आलो, हातपाय धुतले. जेवलो नाही.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी 'हो', 'बरं' आणि 'ठीक' यापलीकडे जात नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. ताई म्हणायची, याला फोन करणं म्हणजे विहिरीत खडा टाकून आवाजाची वाट बघणं. म्हणून लिहितो आहे.

फोटो ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला होता. इतका ताणला होता की चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले होते. खाली 'प्राणिगृह प्रमुख' असं छापलं होतं. शेवटची नऊ वर्षं तिने ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, ते कुणाला छापावंसं वाटलं नसेल.

चहाच्या वेळी बरेच जण येऊन माझे हात हातात घेत होते. कुणाचा हात घामट, कुणाचा बिस्किटाने चिकट. एक बाई म्हणाल्या, "सुटल्या हो बिचाऱ्या." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला क्रीम लागलं होतं आणि त्या बोलत असताना मी तेवढंच बघत होतो. घरी येऊन मी हात तीनदा धुतले.

मोठे सर आले होते. ताईचे तेव्हाचे विभागप्रमुख. आता निवृत्त आहेत, काठी घेऊन चालतात, आवाज मात्र तसाच आहे. ते शेवटी बोलले. ताईच्या शिस्तीबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "एक गंमत सांगतो. बाई असत्या तर रागावल्या असत्या, पण सांगतो."

आणि त्यांनी उंदरांची गोष्ट सांगितली.

"आमचा झिंकचा प्रयोग चालला होता. उंदरांच्या एका गटाला झिंक अजिबात द्यायचं नाही आणि हाडं किती खुंटतात ते मोजायचं. दोन महिन्यांनी बघतो तर काय, चोवीसातले बारा गुबगुबीत! नुसते पैलवान! मी म्हटलं, बाई, हे काय? तर या म्हणतात, मी काही केलं नाही. अहो, दुसरं कोण करणार? यांना दया आली! स्वतःच्या डब्यातलं घातलं चोरून!"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमाने हसले. सर थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, "विज्ञानाचं थोडं नुकसान झालं, पण माणूस म्हणून बाई फार मोठ्या होत्या." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

काडी, मीही हसलो. पहिल्या रांगेत बसून हसलो.

त्यानंतर लगेच माझं नाव पुकारलं. तू फोनवर पाठवलेला मजकूर मी कागदावर उतरवून नेला होता. चष्मा लावला आणि वाचला. 'आईकडून एक चूक झाली होती. मी तिच्यावर बरीच वर्षं रागावले. आज मला कळतं की ती चूक मायेपोटी झाली. मी तिला केव्हाच माफ केलं आहे, फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं.' एकही शब्द न अडखळता वाचलं. दोन बायका रडल्या. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कालपासून शिसारी आली आहे. तोंडाला काही लावावंसं वाटत नाही. सकाळचा चहा मोरीत ओतला.

बाकी ठीक. ताईच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. तुझ्या लहानपणीचे स्वेटर तिने कापडात बांधून ठेवले आहेत, ते पाठवू का कळव. ग्रंथालयातून तिची छत्री आणि चपला आणल्या.

पत्र इथेच संपवणार होतो. पाकिटावर तुझा पत्ताही लिहिला. पण ते बंद करवत नाही. दुपारी पुढचं लिहितो.

रविवार, दुपार

तू मुलांच्या आहाराचं काम करतेस. वाढ खुंटलेल्या मुलांना झिंक लिहून देतेस. तुला यातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तरी मला जेवढं कळलं तेवढं मी लिहितो, कारण मला काय काय माहीत होतं ते तुला समजायला हवं. मला माहीत नव्हतं अशी पळवाट मला नको आहे.

ताईने मला हे प्राणिगृहाच्या पायरीवर बसून समजावलं होतं. मी देखभाल विभागात फिटर म्हणून नुकताच लागलो होतो, तिच्याच शब्दाखातर. तिने स्वतःच्या नडगीवर बोट ठेवून सांगितलं, की लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते आणि हाड तिथेच वाढतं. कूर्चेच्या पेशी एकीवर एक रचत जातात, ताटांची चळत असते तशा, आणि चळतीच्या एका टोकाला त्यांचं पक्कं हाड होत जातं. झिंक मिळालं नाही तर नव्या पेशी तयार होणं मंदावतं. चळत बुटकी राहते आणि हाड आखूड राहतं.

मी विचारलं, "मग भरपूर खाऊन साठवून ठेवायचं."

ती म्हणाली, "साठत नाही ना! तेच तर. शरीरात झिंकचं कोठार नाही. थोडंसंच लागतं, पण रोज लागतं. पोट भरलेलं असून मूल खुजं राहू शकतं. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या पोरांचं तेच होतं. धान्यात असतं थोडं, पण ते धान्यच त्याला धरून ठेवतं."

तुझ्या डब्यात ती रोज मूठभर भोपळ्याच्या बिया का घालायची, ते मला त्या दिवशी कळलं. तू अंगाने काडीसारखी होतीस, आणि उंचीने वर्गात पहिल्या रांगेत. आम्ही चिडवायचो, पण ती मनातून घाबरलेली होती.

तिचे नियम आठवतात? प्राणिगृहात रबरी बुचं चालत नसत, कारण रबरात झिंक असतं. पाणी शुद्ध केलेलं आणि काचेच्या नळीतून. अंगाला पावडर लावून कुणी आत यायचं नाही. खाद्य सुकवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं, तिने स्वतः वजन करून मिसळलेलं. साधी बादली दारातून परत जायची. "जस्ताची बादली आत आणलीस तर तुला त्याच बादलीत बुडवीन," असं ती माझ्या फोरमनला म्हणाली होती. झिंक म्हणजे आपलं जस्तच, हे मला शाळेपासून माहीत होतं.

मला तिथे जायची किळस यायची. त्या वासाची, आणि बिनझिंकच्या उंदरांची जास्त. त्यांचे केस गळायचे, तोंडाभोवती फोड यायचे, पाठीला बाक यायचा. ते खायचेही कमी. म्हणून ताईने आणखी एक गट ठेवला होता. त्यांच्या खाद्यात झिंक होतं, पण बिनझिंकचे उंदीर जितकं खातील तितकंच त्यांना मिळायचं. नुसत्या उपासाने किती खुंटतात आणि झिंकवाचून किती, हे वेगळं काढता यावं म्हणून. शेवटी त्यांना मारून, पाय शिजवून मांस सुटं करत आणि नडग्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून मोजत. एकदा मी ट्यूबलाइट बदलायला गेलो तेव्हा ते चाललं होतं. बाहेर येऊन ओकलो.

ताईला किळस यायची नाही. एकेकाला उचलून, फोड बघून नोंद करायची आणि मग हात धुऊन डबा खायची. मी एकदा म्हणालो, "ताई, तुला काहीच कसं वाटत नाही?"

ती म्हणाली, "वाटतं ना. म्हणून तर नीट मोजते. मोजमाप चुकलं तर हे सगळे फुकट मेले."

काल सर दयेचं बोलत होते तेव्हा मला हे आठवत होतं. आठवत असूनही मी हसलो. हे मी दोनदा लिहितो आहे ते उगीच नाही.

आता जाळी.

बिनझिंकच्या गटाचे चोवीस पिंजरे होते. पत्रा आणि जाळी, दोन्ही स्टेनलेस स्टीलचं. प्रयोग सुरू व्हायच्या सव्वा महिना आधी त्यातल्या बारांच्या तळाची जाळी तुटली, उंदरांचे पाय अडकायला लागले. ताईने भांडून स्टीलच्या जाळीची एक गुंडाळी मागवून घेतली. महिनाभर कागद फिरवले होते तिने त्यासाठी. गुंडाळी आली तेव्हा माझ्या हातात दिली आणि फोरमनसमोर म्हणाली, "हे काम याच्याशिवाय कुणी करायचं नाही. माझा भाऊ आहे, डोळे मिटून कापेल."

मी मापं घेतली. बाहेरून घेतली. जाळी आत बसते, तिची कड वर वळवून खाचेत घालावी लागते, त्यासाठी चारी बाजूंनी बोटभर जास्त ठेवायची असते. मी नेमकी तीच विसरलो. आणि एक कापून बसवून बघावं, तेवढंही केलं नाही. बाराच्या बारा तुकडे एका दमात कापले आणि बाराच्या बारा आखूड निघाले.

एवढंच. ही चूक कुणाच्याही हातून होते. त्या दिवशी जाऊन 'ताई, माझ्याकडून जाळी वाया गेली' म्हटलं असतं तर तिने मला चांगलं फैलावर घेतलं असतं, प्रयोग महिनाभर पुढे गेला असता, आणि विषय संपला असता. नोकरीही गेली नसती. मला फक्त वर्कशॉपमध्ये हसले असते, 'बाईंचा डोळे मिटून कापणारा भाऊ' म्हणून.

तेवढ्यासाठी मी भंगाराच्या कोपऱ्यातून खिडक्यांची जुनी जाळी काढली. जस्ताचा मुलामा दिलेली, तारेची जाडी तीच. वाळूच्या कागदाने थोडी घासली, तेलाचा हात फिरवला. रंग जवळजवळ जुळला. बसवली. ताई बघायला आली. तिच्या खिशात नेहमी एक लोहचुंबक असायचा. नवीन वस्तू आली की ती लावून बघायची. चांगल्या स्टीलला तो चिकटत नाही. त्या दिवशी तिने तो काढला नाही. वाकून कडा बोटाने चाचपल्या.

"छान बसलीय," ती म्हणाली. "गुंडाळीतलंच ना सगळं?"

मी म्हणालो, "हो."

काडी, या एका 'हो'मुळे तुझी आई नऊ वर्षं पुस्तकांना क्रमांक चिकटवत बसली.

उंदीर तारा कुरतडतात, चाटतात. मुलाम्यातलं कणभर जस्त रोज पोटात गेलं. तेवढं पुरलं. तळाला स्टील असलेले बारा उंदीर खुंटले, माझ्या जाळीवरचे बारा वाढले. त्यांचे केस चकचकीत, नडग्या जवळपास नेहमीएवढ्या. सरांनी तिला खोलीत बोलावलं. मी बाहेरच्या बोळात शिडीवर चढून पंख्याची वायर जोडत होतो, दार उघडं होतं.

"बाई, खरं सांगा, काय खायला घातलंत?"

"काही नाही, सर."

"मग हवेवर वाढले?"

"मला माहीत नाही. शोधते."

"शोधायचं काय त्यात? वर्षभराचं काम मातीत घातलंत. कीव येत होती तर सांगायचं, दुसऱ्या कुणाला ठेवलं असतं."

मी वायर जोडली, शिडी मिटली आणि वर्कशॉपला गेलो.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

परवा तिथेच थांबलो. आज पुरं करतो.

ताईला कळलं होतं. हे तुला माहीत नाही.

तिची बदली ग्रंथालयात झाली. प्राणिगृहाचा ताबा देताना सामानाची यादी करायची होती. तिने मला बोलावून घेतलं. पिंजरे रिकामे, धुऊन उपडे घातलेले. तिने खिशातून चुंबक काढला आणि एका पिंजऱ्याच्या तळाला लावला. टक् करून चिकटला. दुसऱ्याला लावला. चिकटला. बाराही पिंजऱ्यांना लावत गेली. मी दाराशी उभा होतो.

मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "बघ, किती थोडं पुरतं! इतके वाढले हे. नुसतं चाटून." तिला त्याचंच आधी नवल वाटलं. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "त्यांची नडगी वाढली आणि माझं नाक कापलं गेलं."

मी म्हणालो, "ताई, चुकलं."

"ते दिसतंय. आता सरांना जाऊन सांग."

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर भावावर ढकललं म्हणतील. तू सांगितलंस तर खरं ठरेल. आणि काडीलाही तूच सांग. तिला पोरी 'उंदीरमाय' म्हणून चिडवतात माझ्यावरून."

मी म्हणालो, "या आठवड्यात सांगतो."

त्याच रविवारी मी तुमच्याकडे जेवायला होतो. तू ताट बाजूला सारलंस आणि तिला विचारलंस, "आई, मला तरी खरं सांग. दिलंस ना त्यांना?" ती म्हणाली, "नाही." आणि तिने माझ्याकडे बघितलं. तू खाली बघत होतीस, म्हणून तुला ते दिसलं नाही. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला, वर पाणी प्यायलो आणि म्हणालो, "जाऊ दे गं, झालं गेलं." म्हणजे माझ्या तोंडून तुला हेच कळलं की तिने दिलं होतं. तू उठून गेलीस. नंतर शिकायला लांब गेलीस आणि तिकडचीच झालीस.

पहिलं वर्षभर ती भेटली की विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "या आठवड्यात." मग तिने विचारणं सोडलं. माझ्याशी बोलणं सोडलं नाही, जेवायला बोलावणं सोडलं नाही. एकदाच, तुझा फोन येऊन गेल्यावर, भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुझं खरकटं मी किती दिवस काढायचं रे?" मी उठून घरी आलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो आणि जेवलो.

सरांच्या दारापर्यंत मी तीनदा गेलो होतो. हे मी स्वतःला सांगत आलो आहे, जणू त्याचंही काही श्रेय असतं.

दवाखान्यात, जायच्या चार दिवस आधी, तिने माझ्याकडून पलंगाचं करकरणारं चाक नीट करून घेतलं. मी खाली वाकलो होतो. वरून म्हणाली, "या आठवड्यात का रे?" मी वर बघितलं. हसत होती. मीही हसलो. म्हणालो, "हो ताई, या आठवड्यात." हा माझा दुसरा 'हो'. भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने मला बाहेर काढलं.

तर काल सोमवारी मी सरांच्या घरी गेलो. नऊ वर्षांनी. ते गॅलरीत गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसले होते. पाय पांढरे पडले होते, कातडी सुटली होती, पाण्यावर तिचे पापुद्रे तरंगत होते. मी समोर बसलो.

"या, या. परवाची सभा छान झाली नाही? तुम्हीही छान वाचलंत."

"सर, ती जाळी स्टीलची नव्हती."

"कुठली जाळी?"

सगळं सांगितलं. माप चुकलं तिथपासून. ते ऐकताना पाय पाण्यात हलवत होते. मग थांबले.

"जस्ताचा मुलामा," ते म्हणाले. "म्हणजे चाटून चाटून. अरे! तरीच! तरीच चकतीची रुंदी जवळपास नेहमीइतकी. हे मला सुचायला हवं होतं हो!" त्यांचे डोळे क्षणभर चमकले. ताईच्या चमकले होते तसेच, म्हणून मला जास्तच राग आला.

मग म्हणाले, "आणखी कुणाला बोललात?"

"नाही अजून."

"मग राहू द्या. ती फाईल केव्हाच बंद झाली. आणि एक सांगू का? त्या गोष्टीमुळेच लोकांना बाई आवडतात. परवा बघितलंत ना, डोळे पुसत होते लोक. जाळीच्या गोष्टीत काय आहे?"

मी म्हणालो, "तिच्यात ताई खोटं बोललेली नाही."

त्यांनी पाय पाण्याबाहेर काढले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तो टॉवेल देता का जरा?"

मी टॉवेल दिला. त्यांचे पाय पुसून होईपर्यंत उभा राहिलो आणि निघालो. सरांची किळस करत खाली आलो आणि जिन्यातच लक्षात आलं, की त्यांना निदान खरं माहीत नव्हतं.

तिथून संस्थेत गेलो. झालेलं सगळं एका कागदावर लिहिलं होतं, ते आवक विभागात दिलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडलं.

"विषय?"

"प्राणिगृहातल्या जाळीबाबत."

"तक्रार की विनंती?"

"कबुली."

"तसा रकाना नाही हो, काका."

"मग जो असेल तो लिहा."

त्यांनी 'इतर' असं लिहिलं आणि शिक्का मारून प्रत दिली. ती या पाकिटात घातली आहे. संस्था काय करेल ते मला माहीत नाही. माझी नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत, ती राहतील किंवा जातील. त्याचं मला आता काही वाटत नाही.

वाटतं ते तुझ्या मजकुराचं. तू तिला माफ केलंस. तिने काही केलं नव्हतं. तिने त्या उंदरांना एक दाणाही घातला नाही, आणि तुझ्याशी एक शब्दही खोटा बोलली नाही. ते वाक्य तुला मागे घ्यायला हवं. कसं, ते मला सांगता येत नाही, कारण ऐकायला ती नाही. पण तुझ्या मनात तरी ते राहू नये. मी ते सगळ्यांसमोर वाचलं, तेव्हा मला माहीत होतं. वाचताना माझा आवाजही कापला नाही. एवढं पुरेसं आहे माझ्याबद्दल.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. त्या शब्दाचा मला शनिवारी वीट आला. आणि तो मागायचा तर जिच्याकडे मागायचा, तिच्याकडे मी नऊ वर्षं दर रविवारी जेवत होतो.

तू चिडून फोन करशील, किंवा करणार नाहीस. केलास तर मी 'हो', 'बरं', 'ठीक' म्हणेन, तेव्हा ते मनावर घेऊ नकोस. जे होतं ते इथे लिहिलं आहे. स्वेटरचं कळव. नाही कळवलंस तरी ते मी जपून ठेवीन.

गॅसवर दूध ठेवून लिहायला बसलो होतो. आता करपल्याचा वास आला. सगळं उतू जाऊन ओट्यावर आणि शेगडीच्या खाली गेलं आहे. ते वाळायच्या आत खरवडून काढतो.

तुझ्या आईचा भाऊ
(मामा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)